अवयव आणि औषधी वनस्पती एका चित्रात आणायच्या, तर सांधा कुठे जुळवायचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि माणसाचे अवयव व औषधी वनस्पती एकत्र घेऊन बारा चित्रांची मालिका करायची आहे. तीन चित्रं करून झाली: फुप्फुसांत फांद्या आणि फुलं, हृदयातून निघालेल्या वेली, मेंदूच्या जागी झाडाचा डेरा. सर म्हणाले, "काम स्वच्छ आहे, पण हे सगळीकडे दिसतं." आता तुम्हाला विचारायचंय की शरीररचना किती अचूक हवी, रंग वनस्पतींचेच वापरावेत का आणि नव्याने सुरुवात कुठून करावी.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात सव्वीस वर्षं चित्रकार होते. भिंतीवरचे तक्ते, संग्रहालयातल्या नमुन्यांची चित्रं, अध्यापकांच्या पुस्तकांसाठी रेखाटनं हे रोजचं काम. पुढे एका आयुर्वेद महाविद्यालयाच्या द्रव्यगुण विभागासाठी, म्हणजे औषधी द्रव्यं शिकवणाऱ्या विभागासाठी, वनस्पतीही काढू लागले. त्या काळात माझ्या टेबलावर एका बाजूला बरणीतलं मूत्रपिंड आणि दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पुनर्नवा असं अनेकदा असायचं. म्हणून तुमचा विषय मला जवळचा आहे, आणि उत्तरही जरा लांबणार आहे.

आधी हे सांगते की यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. चित्रं कलादालनात लागणार असतील तर तुम्हाला जेवढी मोकळीक आहे, तेवढी दवाखान्याच्या भिंतीसाठी काढताना नाही. तुमच्या गावात शरीररचनेचं संग्रहालय बघायला मिळतं का, जवळपास वनौषधी उद्यान आहे का, हातात दोन महिने आहेत की आठ, यावरही मार्ग बदलेल. मी माझ्या कामातून जे शिकले ते सांगते. तुम्हाला जुळेल ते घ्या.

मला वाटतं खरी अडचण अचूकतेची नाही आणि रंगांचीही नाही. तुमच्या फुप्फुसातून जे फूल आलंय ते कोणत्या झाडाचं, आणि तेच का? त्या जागी मोगरा असता, जास्वंद असती, तरी चित्र तसंच राहिलं असतं. फूल बदलूनही चित्र बदलत नसेल, तर ते फूल नुसती सजावट आहे. सरांना हेच खटकलं असावं. अवयव आणि वनस्पती जिथे एकमेकांना भेटतात तिथे एक सांधा असतो, आणि असं चित्र त्या सांध्यावर उभं राहतं. तेव्हा पेन्सिल उचलण्याआधी प्रत्येक चित्रासाठी ठरवा की या दोघांचं नातं नेमकं कसलं आहे. माझ्या अनुभवात ही नाती तीन प्रकारची असतात: दिसण्याचं, गुणाचं आणि घडणीचं.

दिसण्याचं नातं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात फसवं. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस हा वैद्य आणि त्याच्या मागून आलेल्यांनी असं मानलं की निसर्गाने प्रत्येक झाडावर त्याच्या उपयोगाची खूण ठेवली आहे: अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूसाठी, ठिपक्यांची पानं फुप्फुसासारखी दिसतात म्हणून फुप्फुसासाठी. १५८८ मध्ये नेपल्सच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ताने यावर आख्खा ग्रंथ काढला, त्यात झाडांच्या शेजारी हात, डोळे, दात छापले आहेत. चित्रं म्हणून ती पानं विलक्षण आहेत, तुम्ही जरूर बघा. वैद्यक म्हणून त्यांना आधार नाही.

आपल्याकडे याच सापळ्याचं नाव गुळवेल आहे. गुळवेलीचं पान पत्त्यांतल्या बदामासारखं, आणि शास्त्रीय नावातल्या 'कॉर्डिफोलिया'चा अर्थही हृदयाच्या आकाराच्या पानांची. त्यामुळे चित्रकाराचा हात आपोआप गुळवेल हृदयाशेजारी नेतो. पण खरं हृदय बदामाच्या आकाराचं नसतं, आणि वैद्याला विचारलं तर तो गुळवेलीबद्दल आधी तापाचं बोलेल. म्हणजे चुकीच्या आकाराशी चुकीचं पान जुळवलं जातं. गुळवेलीत बघण्यासारखं पान नाहीच, खोड आहे. अंगठ्याएवढ्या जाडीचं खोड धारदार ब्लेडने आडवं कापा. आत बैलगाडीच्या चाकासारखी आरी दिसते: मधोमध तुंबा, त्यातून निघालेल्या रेषा, रेषांच्या मध्ये छिद्रं असलेले पाचरीसारखे तुकडे. बाहेरची साल कागदासारखी पातळ, नखाने सहज सुटते आणि खाली हिरवं लागतं. हे चाक मी पहिल्यांदा भिंगातून पाहिलं तेव्हा त्या दिवशीचं बाकी काम राहूनच गेलं.

गुणाचं नातं म्हणजे झाड शरीरात काय करतं त्यावरून जुळलेलं. आयुर्वेद वनस्पतीकडे रस (चव), गुण, वीर्य (उष्ण-शीत अशी ताकद), विपाक (पचनानंतरचा परिणाम), प्रभाव (खास परिणाम) अशा वाटेने जातो. ती कशासारखी दिसते हा त्यातला मुख्य प्रश्न नाही. अर्जुनाचं उदाहरण घ्या, आपल्याकडे अर्जुनसादडा म्हणतात तो. त्याचं फळ देखणं, पाच पंखांचं, कुणालाही तेच काढावंसं वाटेल. पण हृदयासाठी जी वापरली जाते ती साल. मग चित्रात साल यायला हवी. नदीकाठच्या अर्जुनाच्या बुंध्याजवळ उभं राहून बघा: वरचा पांढरट राखाडी पापुद्रा गळून पडतो, आणि ताज्या सालीची आतली बाजू गुलाबी तांबूस असते. मी अर्जुनाचं चित्र केलं तेव्हा फळ, फूल, पान काहीच घेतलं नाही. नैसर्गिक आकाराचं हृदय काढलं आणि त्याच्या पृष्ठभागावरचे पापुद्रे अर्जुनाच्या सालीसारखे सुटताना दाखवले. हृदयाचे स्नायू थराथरांनी, वळसे घेत गेलेले असतात. साल सुटली तिथे खाली ते वळसे दिसू दिले. दोघांचा रंग एकच निघाला, मला काही वेगळं करावं लागलं नाही.

सदाफुली हे गुणाच्या नात्याचं आणखी टोकाचं उदाहरण. मूळची मादागास्करची, आज आपल्या प्रत्येक अंगणात, डबा-बादलीत कुठेही येते. तिच्यापासून मिळणारं व्हिनक्रिस्टीन हे औषध लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. तिच्या पाच पाकळ्यांत रक्तासारखं काहीही नाही. इथे तुम्ही आकारावर आकार ठेवून चित्र करूच शकत नाही, दुसरी वाट शोधावी लागते. मालिकेत असं एक तरी चित्र असावं असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे तुमचा स्वतःचा विचार दिसेल.

सर्पगंधाही लक्षात ठेवा. तिच्या मुळाचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर तपासून १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयविषयक नियतकालिकात मांडला, आणि १९५२ मध्ये तिच्यातून रिझर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं करण्यात आलं. नावात साप आहे म्हणून साप काढण्याचा मोह होईल. काढायचं आहे ते मूळ आणि रक्तवाहिनीची भिंत.

आता घडणीचं नातं. मला स्वतःला यात सगळ्यात जास्त रस आहे. लिओनार्दोच्या, विंडसरच्या संग्रहातल्या एका पानावर हृदय आणि त्याच्या शेजारी मोड फुटलेली बी काढलेली आहे. त्याचं म्हणणं असं की रक्तवाहिन्यांच्या झाडाची मुळं यकृतात आहेत असं लोक मानतात, पण बी हृदय आहे. मुळं आणि फांद्या दोन्ही त्या बीतून निघतात. त्याने झाड सजावटीला वापरलेलं नाही, झाडाच्या मदतीने तो हृदयाबद्दल एक मुद्दा सिद्ध करतोय. तुलनेला काम आहे, म्हणून ते पान पाचशे वर्षांनीही ताजं वाटतं.

आपल्या भाषेत ही घडणीची नाती आधीपासून साठवलेली आहेत, आपण रोज बोलतो आणि लक्षात येत नाही. शीर पानाचीही असते आणि हाताचीही. पेर उसाचं आणि बोटाचं. नाळ कमळाची, नाळ बाळाची. कवटी नारळाची, कवटी माणसाची. मगज म्हणजे मेंदू, आणि खरबुजाच्या बियांतला गरही मगजच. मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर असे शब्द लिहून ठेवत असे. एकदा एका विद्यार्थ्याला हाताच्या पाठीवरच्या शिरा काढायला जमत नव्हतं. त्याला पिंपळाचं जाळीदार पान दिलं आणि सांगितलं, मुख्य शिरेपासून बारीक शिरांकडे न जाता उलट्या दिशेने काढ, कडेच्या जाळीपासून मध्याकडे, कारण हाताच्या शिरांत रक्त तसंच वाहतं. दुसऱ्या दिवशी त्याने काढलेला हात जिवंत होता.

घडणीच्या नात्यातही चूक होते, आणि ती चूक तुमच्या फुप्फुसाच्या चित्रात आहे. श्वासनलिका दोनात विभागते, पुन्हा दोनात, असं सुमारे २३ वेळा होत ती हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचते. तुम्ही तिथे जी फांदी वापरली तिला डावी-उजवीकडे आळीपाळीने पानं आहेत. घडण वेगळी असल्यामुळे डोळ्याला ती वर चिकटवलेली वाटते, बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी.

अडुळसा घेतलात तर काय होईल? त्याची पानं समोरासमोर जोडीने, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात. हीसुद्धा श्वासनलिकेची विभागणी नव्हे. मी इथे बरीच अडखळले होते. सुरुवातीच्या एका चित्रात रचना बरी दिसते म्हणून मी अडुळशाची पानं आळीपाळीने काढली. विभागातल्या वैद्यबाईंनी काही न बोलता ताजी डहाळी आणून माझ्या कागदावर ठेवली आणि त्या वर्गावर निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत मी ती डहाळी फिरवून फिरवून बघत बसले. उत्तर पानांत नव्हतं, तुऱ्यात होतं. अडुळशाच्या तुऱ्यात फुलांखालची हिरवी छदं, म्हणजे छोटी पानं, एकावर एक, रांगेने, खवल्यांसारखी बसलेली असतात, आणि त्यांतून पांढरी, दोन ओठांची फुलं बाहेर येतात. खालच्या ओठावर जांभळट रेघा, आत दोनच पुंकेसर. श्वासनलिकेलाही अशाच रांगेने १६ ते २० कूर्चेच्या कड्या असतात, मागच्या बाजूला उघड्या, घोड्याच्या नालासारख्या. मी स्वरयंत्राखालून कड्या काढत आणत खाली त्यांची हळूहळू छदं होऊ दिली. फुप्फुस काढलंच नाही. अडुळसा खोकल्यासाठी हे घराघरात ठाऊक आहे, आणि खोकल्याच्या औषधातलं ब्रोमहेक्झिनही अडुळशातल्या व्हॅसिसीन या घटकावरूनच घडवलेलं आहे. म्हणजे गुण आणि घडण दोन्ही जुळले, आणि जागाही बरोबर निघाली.

तिन्ही नाती एकत्र येतात असं झाड क्वचित मिळतं. कांडवेल तसं आहे. कुणी तिला हाडसांधी म्हणतात, कुणी हाडजोडी. चौकोनी, कडा उठलेलं, मांसल खोड, प्रत्येक पेराच्या टोकाला आवळल्यासारखं बारीक झालेलं. मोडलेल्या हाडासाठी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. बोटांची हाडं शेजारी ठेवली तर दोघांची पेरं जुळतात: मध्ये बारीक, सांध्यापाशी रुंद असं हाड, आणि बरोबर उलट, मध्ये रुंद, सांध्यापाशी बारीक अशी वेल. चित्र या उलटेपणात आहे. हाताच्या बोटांत एकूण १४ हाडं असतात, अंगठ्यात दोन आणि बाकी चारांत तीन-तीन. मोजून काढा.

इथपर्यंत एवढंच म्हणतेय की प्रत्येक चित्राच्या मागे कागदावर एक वाक्य लिहा: हे झाड या अवयवाशेजारी का आलं, आणि झाडाचा कोणता भाग. ते वाक्य लिहिता आलं नाही तर ते चित्र तूर्त बाजूला ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक चौथी वाट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुश्रुतसंहितेत वनस्पती औषध म्हणून येतात तशा शरीर शिकण्याची साधनं म्हणूनही येतात. शल्यविद्येच्या विद्यार्थ्याने छेद घ्यायचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड, काकडी यांवर करावा. शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या नाळेवर. आतलं काही बाहेर काढण्याचा सराव फणस आणि बेलाच्या गरावर. प्रेत बघण्याची रीत तर अशी: ते मुंज गवत, कुश, ताग किंवा सालींनी गुंडाळून वाहत्या पाण्यात आडोशाला सात रात्री ठेवायचं, मग वाळा, बांबू वगैरेंच्या कुंच्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर उघडा करत डोळ्यांनी बघायचं. वाळ्याचा कुंचा! आपण उन्हाळ्यात माठात टाकतो तोच वाळा. याच ग्रंथात हृदयाचं वर्णन खाली तोंड केलेल्या कमळासारखं आहे, जागेपणी उमलणारं आणि झोपेत मिटणारं. कमळाच्या नाळेत शिरलेली सुई, वाळ्याच्या कुंच्याखाली उघडा होणारा हात, चिरलेल्या कोहळ्याची साल आणि त्वचेचे थर: एवढ्यातून चार-पाच चित्रं होतील, आणि ती मी अजून कुठे पाहिलेली नाहीत. मी निवृत्तीनंतर यातलं एकच केलं, कोहळ्याचं. तुम्ही पुढे न्यावं अशी इच्छा आहे.

आता अचूकतेचा प्रश्न. १५४२ मध्ये बाझल शहरात लिओनहार्ट फुक्सचा वनस्पतींचा ग्रंथ छापला गेला, आणि लगेच पुढच्या वर्षी, १५४३ मध्ये, त्याच शहरात आंद्रेआस वेसालियसचा मानवी शरीररचनेचा. दोन्ही ग्रंथ त्यांतल्या लाकडी ठशांच्या चित्रांमुळे टिकले. फुक्सने तर ज्याने झाडं काढली, ज्याने ती ठोकळ्यावर उतरवली आणि ज्याने ठोकळा कोरला, त्या तिघांची चित्रं पुस्तकाच्या शेवटी नावासकट छापली. या ग्रंथांतलं झाड म्हणजे कुठल्यातरी एका जागचं एकच झाड नव्हे, आणि शरीरही कुणा एकाचं नव्हे. फुक्सच्या एकाच रोपावर फूल आणि फळ एकत्र दिसतं, जे बागेत एका वेळी दिसेलच असं नाही. अनेक नमुने बघून त्यातून नेमका एक काढणं हे दोन्ही शाखांच्या चित्रकाराचं काम आहे. यात अठराव्या शतकातला चित्रकार यान वांदेलार मला गुरुस्थानी आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियससाठी त्याने वनस्पती काढल्या, आणि लायडनच्या शरीररचनातज्ज्ञ आल्बिनससाठी सांगाडे व स्नायू, जे १७४७ मध्ये ग्रंथरूपात आले. सांगाड्यासमोर दोऱ्यांच्या दोन जाळ्या उभ्या करून, चौकटी मोजत तो काढत असे. त्यातल्या दोन पानांवर सांगाड्यामागे शांतपणे चरणारी गेंडी आहे. ती क्लारा, आपल्या बंगालमधून १७४१ मध्ये नेदरलँड्सला नेलेली.

माझा स्वतःचा नियम असा: सांध्यापाशी दोन्ही बाजू बिनचूक हव्यात, तिथून दूर जाल तशी मोकळीक घ्या. अडुळशाच्या चित्रात छदं आणि कड्या मी मोजून काढल्या, पण खालची माती नुसत्या पाण्याच्या रंगाने सोडून दिली. चुका कुठे होतात तेही सांगते. उजव्या फुप्फुसाला तीन खंड असतात, डाव्याला दोन. तुमच्या चित्रात दोन्ही सारखे आहेत. हृदयाचं टोक त्या माणसाच्या डावीकडे झुकतं, म्हणजे समोरून बघणाऱ्याच्या उजवीकडे. उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असतं. वनस्पतींत आधी पानं बघा: समोरासमोर की आळीपाळीने, कडा कशी, देठ किती. ब्राह्मी म्हणून रोपवाटिकेतून जे आणाल ते तपासून घ्या. आपल्याकडे त्या नावाने दोन वेगळी झाडं मिळतात: गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानाची मंडूकपर्णी, आणि बारीक मांसल पानांची, फिकट निळसर फुलांची नीरब्राह्मी.

आकार शक्य तिथे नैसर्गिक ठेवा. हृदय साधारण १२ सेंटिमीटर, मूत्रपिंड ११ च्या आसपास. अर्जुनाचं पानही त्याच मापाचं. एकाच कागदावर दोन्ही खऱ्या मापात मावतात, आणि बघणाऱ्याच्या हाताला ते माप ओळखीचं वाटतं. प्रकाश दोन्हींवर एकाच बाजूने टाका, डावीकडे वरून. वैद्यकीय आणि वनस्पती दोन्ही चित्रांत तीच पद्धत आहे, त्यामुळे ती एका जगातली वाटतात.

रंगाबद्दल एक गोष्ट अनुभवातून. बरणीतला अवयव आणि दाबून वाळवलेलं झाड दोन्ही आपला रंग गमावतात. एक राखाडी होतो, दुसरं तपकिरी. रंग परत देणं आपल्याकडे असतं. तक्त्यातली लाल रोहिणी, निळी नीला, पिवळा मज्जातंतू हा संकेत आहे, शरीरातला रंग नव्हे. तो संकेत तुमच्या मालिकेत हवाच असं नाही. मी ताज्या झाडाच्या रंगांची पट्टी जागेवरच करून ठेवते आणि अवयवाला त्याच पट्टीतले रंग देते. त्याने दोघांचं नातं शब्दांशिवाय कळतं.

वनस्पतींचेच रंग वापरायचे तर विचार करून वापरा. हळद उजेडात टिकत नाही. खिडकीजवळ टांगलेल्या माझ्या चित्रात वर्षभरात पिवळेपणाची नुसती खूण उरली. मंजिष्ठेचा लाल त्या मानाने बरा. हिरड्याचा काढा आणि गंजलेल्या लोखंडाचं पाणी यांची काळी शाई रेषेला फार सुंदर येते, पण दाट लावली तर पुढे कागद खाते. रंग झाडाचा आहे एवढ्यानेच चित्र झाडाचं होत नाही. ज्या चित्रात तो रंग त्या वाक्यात बसतो, तिथेच घ्या.

शरीर बघण्याबद्दल एक आग्रहाची विनंती. वैद्यकीय महाविद्यालयाच्या संग्रहालयात परवानगीने जा, पत्र घेऊन जा, पेन्सिल आणि वही न्या, फोन बाहेर ठेवा. ती शरीरं अनेकदा कुणीतरी देहदानात दिलेली असतात, घरच्यांनी निरोप देऊन. महाजालावर मिळेल तो फोटो घेऊन त्यावरून काढू नका. व्हिएन्नाच्या पेर्नकोफच्या प्रसिद्ध शरीररचना-संग्रहातली रंगचित्रं डोळ्याचं पारणं फिटेल अशी आहेत. पण नाझी काळात मृत्युदंड दिलेल्या तेराशेहून अधिक जणांची प्रेतं पेर्नकोफच्या शरीररचना संस्थेत आली होती, हे विद्यापीठाच्या चौकशीत १९९८ मध्ये पुढे आलं. ते कळल्यावर मी माझ्या भिंतीवरचं त्यातलं पान उतरवलं.

चित्राखालच्या मजकुराचीही काळजी घ्या. 'यकृतासाठी गुळवेल' असं लिहिलंत तर बघणारा तो सल्ला समजेल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष नाकारला आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात घेतली गेली असू शकते असं म्हटलं. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर ठळक गाठी असतात. हा वाद वाचताना माझ्या मनात एकच आलं, की खोडाचं चांगलं चित्र किती उपयोगाचं असतं. म्हणून मजकुरात झाडाचं स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, दाखवलेला भाग आणि माप एवढंच द्या.

अशा नावांची मांडणी बघायची तर 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथातली तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं बघा. मलबारचा डच गव्हर्नर व्हॅन रीडने केरळच्या वनस्पतींवर करवून घेतलेले हे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला निघाले. रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांचा त्यात हात होता, आणि झाडांची कोकणी नावं चित्रावरच नागरी अक्षरांत कोरलेली आहेत. आपल्या अगदी जवळचं म्हणाल तर दापोडी. पुण्याजवळच्या तिथल्या सरकारी बागेत अलेक्झांडर गिब्सन लष्करासाठी औषधी वनस्पती लावत असे, आणि १८४७ ते १८५० या काळात एका गोमंतकीय चित्रकाराने तिथे सुमारे १७० चित्रं काढली. ती आज एडिनबर्गला आहेत. चित्रकाराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. तंजावरच्या सरफोजीराजांनी तर दोन्ही कामं एकाच दरबारात करवून घेतली: धन्वंतरी महाल या आपल्या रुग्णालयासाठी औषधी वनस्पतींची रंगचित्रं, आणि नेत्ररुग्णांच्या नोंदींत त्यांच्या डोळ्यांची चित्रं.

सुरुवात अशी करा. झालेली तीन चित्रं मोडू नका, बाजूला ठेवा. या आठवड्यात कुणाच्या तरी कुंपणावरून गुळवेलीचा वीतभर तुकडा मागून आणा, आडवा कापा आणि ते चाक चौपट मोठं काढा, फक्त पेन्सिलने. त्याच मापात शेजारी लांब हाडाचा आडवा छेद काढा, तोही संग्रहालयातल्या नमुन्यावरून. दोन्हीकडे बाहेर घट्ट थर, आत पोकळ्या, मध्ये गाभा आहे. कुठे जुळतं आणि कुठे मुळीच जुळत नाही ते स्वतः बघा, आणि दोन्ही गोष्टी कडेला लिहून ठेवा. मग कांडवेल आणि अर्जुन करा. चौथं चित्र सुश्रुताच्या कोहळ्याचं. ही चार झाल्यावर उरलेली झाडं तुम्हाला निवडावी लागणार नाहीत, तुम्ही रस्त्याने जाताना ती थांबवतील. बारा हा आकडा मात्र सोडून द्या. वाक्य लिहिता येईल अशी सात झाली तर सातच लावा. गुळवेलीचं चाक काढून झालं की मला दाखवा, कापताना ब्लेड नवं घ्या, जुन्याने तंतू ओढले जातात आणि आऱ्या नीट दिसत नाहीत.